विद्यापीठाजवळचे घर आणि ‘लाइट बिलासह’ भाडे

जून-जुलै उजाडला, की पुण्यातील गणेशखिंड, औंध, मॉडेल कॉलनी, गोखलेनगर आणि खडकी या परिसरांत विजेच्या खांबांवर, झाडांच्या बुंध्यांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर छोट्या जाहिरातींची दाटी होते. ‘कॉटबेसिस’, ‘फक्त मुलींसाठी’, ‘विद्यापीठापासून पाच मिनिटे’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘लाइट, पाणी, नेटसह’. लातूर, नांदेड किंवा जळगावहून मुलाला सोडायला आलेल्या पालकाला हा शेवटचा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. दर महिन्याला एकच ठरलेली रक्कम पाठवायची, मधे कुठले बिल नाही, कुणाशी घासाघीस नाही. ही सोय खरी असते. मात्र ‘सर्व खर्चांसह भाडे’ या शब्दप्रयोगाला स्वतःचा असा कायदेशीर अर्थ नाही. त्यात काय आले, किती मर्यादेपर्यंत आले आणि मर्यादा ओलांडल्यास पुढे काय, हे फक्त करारपत्रात लिहिलेल्या ओळींवरून ठरते. आणि बहुतेकदा त्या ओळी जाहिरातीच्या नेमक्या उलट असतात.

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. डॉ. मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. गणेशखिंडीतील ब्रिटिश गव्हर्नरांचे जुने निवासस्थान आणि भोवतालचा ४११ एकरांचा परिसर विद्यापीठाकडे आहे. म्हणूनच ‘पाच मिनिटे’ कोणत्या फाटकापासून, हा प्रश्न विचारणे वावगे नाही. मुख्य प्रवेशद्वारापाशी उतरल्यावरही आपल्या विभागाच्या इमारतीपर्यंत बरेच चालणे उरते. विद्यापीठाच्या आवारात आयुका, पलीकडे पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिस अशा संस्था असल्याने घर शोधणारे संशोधक आणि विद्यार्थी एकाच पट्ट्यात येतात. त्यात औंध-बाणेरच्या बाजूने हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांची भर पडते. पगारदार तरुणाशी भाड्याच्या बाबतीत विद्यार्थी स्पर्धा करू शकत नाही. मग एका सदनिकेत चौघे-पाचजण मिळून राहतात किंवा कॉटवर जागा घेतात. विजेच्या बिलाचा प्रश्न अवघड होतो तो याच एकत्र राहण्यामुळे.

युनिटांचे टप्पे

महावितरणचा घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातो. पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि ५०० च्या पुढे सर्वाधिक. दर राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशांनुसार वेळोवेळी बदलतात, पण पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याचे युनिट जवळजवळ दुप्पट महाग पडते, हे प्रमाण अलीकडच्या वर्षांत दिसत आले आहे. त्यावर स्थिर आकार आणि विद्युत शुल्क वेगळे. हे टप्पे माणशी नसून मीटरमागे मोजले जातात. कॉटबेसिसवर राहणाऱ्या मुलांच्या बिलातील निम्मा गोंधळ येथेच आहे.

हिशेब सोपा जावा म्हणून पहिल्या टप्प्याचा दर ६ रुपये आणि दुसऱ्याचा १२ रुपये धरू. एकटा राहणारा विद्यार्थी महिन्याला ७५ युनिटे वापरत असेल, तर त्याचे ४५० रुपये होतील. असेच चार विद्यार्थी एका मीटरवर आले, की एकूण वापर ३०० युनिटांचा होतो. पहिल्या १०० युनिटांचे ६०० आणि पुढच्या २०० युनिटांचे २,४०० असे ३,००० रुपये होतात, म्हणजे माणशी ७५०. कुणीही उधळपट्टी केलेली नसते, तरी प्रत्येकाला ३०० रुपये जास्त पडतात. त्यापुढे कुणी एकाने मे महिन्यात वातानुकूलन यंत्र चालवले, तर त्याची युनिटे तिसऱ्या टप्प्यात जातात आणि वाढीव भार चौघांत विभागला जातो.

तीनशे युनिटे ही फार मोठी संख्या नाही. दोन किलोवॉटचा गीझर प्रत्येकासाठी अर्धा तास चालला, तर चौघांचे दिवसाला दोन तास आणि चार युनिटे होतात; महिन्याची १२०. दोन किलोवॉटची इंडक्शन शेगडी रोज तासभर पूर्ण ताकदीने वापरली, तर महिन्याला ६० युनिटे. फ्रिज, पंखे, दिवे, धुलाईयंत्र, लॅपटॉप हे सारे त्यानंतर. पुण्याच्या पावसाळी आणि हिवाळी महिन्यांत गीझर बंद ठेवा असे सांगणारा घरमालक भेटला, तर तो कंजूष आहे असे लगेच मानण्याचे कारण नाही. घरमालकाने ‘लाइट बिलासह’ म्हणून ठरावीक रक्कम घेतलेली असते आणि प्रत्येक जादा युनिट त्याच्या खिशातून जाते.

यातूनच दोन पद्धती रूढ झाल्या आहेत. एक म्हणजे मर्यादेची. समजा, २०० युनिटांपर्यंतचे बिल भाड्यात आणि त्यापुढील वापराचे पैसे राहणाऱ्यांकडून. ही पद्धत दोन्ही बाजूंना न्याय्य ठरू शकते, पण जादा युनिट कोणत्या दराने मोजायचे हे लिहिलेले नसेल तर भांडण ठरलेलेच. घरमालक सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लावू पाहतो, तर विद्यार्थी सरासरी दर मागतो. वरील उदाहरणात सरासरी दर १० रुपये, वरच्या टप्प्याचा १२ रुपये. १०० जादा युनिटांमागे २०० रुपयांचा फरक पडतो. दुसरी पद्धत खोलीनिहाय उपमीटरची. खोलीत छोटा मीटर बसवून प्रत्येक युनिटाला ठरावीक दर आकारला जातो. हा दर महावितरणच्या मूळ बिलाशी ताडून पाहिल्याशिवाय मान्य करू नये. मूळ बिल पाहण्यास नकार देणाऱ्या घरमालकाच्या उपमीटरवर विश्वास ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

घर ठरवण्यापूर्वी जुने बिल मागून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांच्या वापराचा तपशील छापलेला असतो. एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारी यांतील आकडे पाहिले, की त्या घराचा स्वभाव कळतो. बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहून घ्यावा. त्या क्रमांकावरून पुढे दर महिन्याचे बिल आणि थकबाकी स्वतः पाहता येते आणि वेळ पडल्यास भरताही येते.

बिल भरायचे कुणी राहिले तर

सर्व खर्चांसह भाड्यातील खरा धोका जादा युनिटांचा नाही. विद्यार्थी दर महिन्याला पूर्ण रक्कम देतो, त्यात विजेचे पैसेही येतात, पण घरमालक बिल भरत नाही. कधी तो परगावी असतो, कधी परदेशी. कधी मधला एजंट पैसे घेऊन बसतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. परंतु नोटीस ग्राहकाला, म्हणजे ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला जाते. संदेशही त्याच्याच मोबाइलवर येतो. घरात राहणाऱ्याला पहिली बातमी लागते ती पंखा थांबल्यावर, आणि परीक्षेच्या आठवड्यात असे झाले तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

यासाठी करारात एक वाक्य पुरेसे आहे: घरमालकाने मुदतीत बिल न भरल्यास राहणाऱ्याने ते भरावे आणि पावती दाखवून पुढील महिन्याच्या भाड्यातून वळते करावे. हे वाक्य नसताना परस्पर पैसे कापून घेतले, तर भाडे थकवल्याचा आरोप विद्यार्थ्यावरच येऊ शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ मध्ये घरमालकाने वीज, पाणी यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडू नयेत अशी तरतूद आहे. मात्र त्या कलमाची भाषा ‘भाडेकरू’विषयी आहे आणि आज पुण्यात घर घेणारा बहुतेक प्रत्येकजण कागदावर भाडेकरू नसून ‘लायसन्सी’ असतो. त्यामुळे केवळ या कलमाच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

पाण्याचे प्रकरण विजेपेक्षा साधे, पण अगदीच बिनधोक नाही. महापालिकेचे पाणी पुरेसे येणाऱ्या जुन्या भागांत ‘पाण्यासह’ याचा अर्थ फारसा बदलत नाही. बाणेर, बालेवाडी, सूस, बावधन या बाजूंना उन्हाळ्यात सोसायट्या टँकर मागवतात आणि तो खर्च सदनिकांवर विभागतात. हा खर्च देखभाल शुल्कात धरला आहे की वेगळा, हे आधी विचारावे. सोसायटी सदनिका भाड्याने दिल्याबद्दल मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. ते मालकाने भरायचे असते; काही मालक ते ‘सोसायटीचा चार्ज’ म्हणून मुलांकडून वेगळे वसूल करतात. गॅसची सोय सर्व खर्चांत सहसा नसते. पाइपगॅस असलेल्या इमारतीत त्याचे बिलही मालकाच्या नावावर येते. पाइपगॅस नसेल तर घरगुती जोडणी नसलेले विद्यार्थी बहुधा पाच किलोचे छोटे सिलिंडर वापरतात. इंटरनेटबाबत एवढेच, की एकाच जोडणीवर किती खोल्या आहेत हे रात्री दहा वाजता जाऊन पाहावे. सकाळी घर पाहायला गेलेल्याला वेग नेहमीच चांगला दिसतो.

अकरा महिन्यांचा गैरसमज

‘अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही’ हे वाक्य पुण्यात पिढ्यान् पिढ्या ऐकू येते. त्याचा उगम नोंदणी कायदा १९०८ मध्ये आहे. त्या कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने हा प्रश्न मिटवला आहे. लीव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. शिवाय करार लेखी व नोंदणीकृत नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून घेतलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणीचा खर्च मोठा नाही. मुद्रांक शुल्क करारकाळातील एकूण भाड्यावर ०.२५ टक्के आकारले जाते. परत करायच्या अनामत रकमेवर वार्षिक १० टक्के दराने व्याज धरून तेही त्या भाड्यात मिळवतात. महिना २४,००० रुपये भाडे, ११ महिने आणि ७२,००० रुपये अनामत, असा करार असेल तर मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आतबाहेर येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. चौघांत वाटले तर माणशी पाचशेही होत नाहीत. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन व्यवस्थेमुळे दुय्यम निबंधक कार्यालयात खेपा घालाव्या लागत नाहीत. एजंटाची मजुरी वेगळी आणि ती आधी ठरवून घ्यावी.

‘लाइट बिलासह’ या शब्दांची कसोटी लागते ती याच कागदावर. बहुतेक ठरावीक मसुद्यांत ‘विजेचे बिल लायसन्सीने भरावे’ असे कलम आधीच असते. एजंट मसुदा उघडतो, नावे आणि रकमा भरतो आणि ते कलम तसेच राहते. घर दाखवताना सांगितलेले ‘सगळे धरून’ आणि सही केलेला कागद परस्परविरोधी होतात. कलम ५५ चा फायदा अशा वेळी मिळत नाही, कारण करार नोंदणीकृत असतो. उलट कलम २४ नुसार घराचा ताबा परत मिळवण्याच्या कार्यवाहीत लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. तोंडी आश्वासन कितीही प्रामाणिक असले तरी तेथे उपयोगी पडत नाही. त्यामुळे सही करण्यापूर्वी ते ठरावीक कलम खोडून त्याजागी काय समाविष्ट, किती युनिटांपर्यंत, जादा युनिटाचा दर काय आणि बिल कोणत्या तारखेपर्यंत भरायचे, असे चार तपशील घालायला लावावेत. एजंट कुरकुर करतो, पण मसुदा संगणकावर असतो आणि दुरुस्तीला दहा मिनिटेही लागत नाहीत.

काही घरमालक भाडे आणि वीज-पाणी-फर्निचरचे पैसे वेगळे लिहिण्याचा आग्रह धरतात. त्यामागे लबाडीच असते असे नाही. आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. सेवांपोटी घेतलेल्या रकमेचा हिशेब वेगळा करावा लागतो. जेवण, सफाई, धुलाई यांसह वसतिगृहासारखी सोय देणाऱ्यांपुढे वस्तू व सेवा कराचाही प्रश्न होता. २०२३ मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने अशा निवासावर कर लागतो असे म्हटले होते. त्यानंतर जुलै २०२४ पासून माणशी दरमहा २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला करमाफी मिळाली. तेव्हा अशा खोलीच्या पावतीत ‘जीएसटी’ म्हणून जादा रक्कम दिसली, तर विद्यार्थ्याने कारण विचारावे.

सही कुणाची, अनामत कुणाची

चौघे एकत्र राहत असतील तर चौघांचीही नावे करारात हवीत. प्रत्यक्षात एकाच्या नावावर करार होतो आणि बाकीचे ‘मित्र’ म्हणून राहतात. मग बाकीच्यांना कागदोपत्री हक्क नाही आणि सही करणाऱ्यावर सगळ्यांची देणी, अशी स्थिती होते. एकाने मधेच घर सोडले, की त्याच्या वाट्याचे वीजबिल कुणी भरायचे यावरून मैत्रीही तुटते. बारावीनंतर थेट आलेला विद्यार्थी अठरा वर्षांचा झालेला नसेल, तर त्याला करार करता येत नाही, पालकाने करावा. राहणाऱ्यांची माहिती पोलिसांना देणे ही मालकाची जबाबदारी असली तरी ती दिल्याची प्रत मागून घ्यावी.

अनामत रकमेला महाराष्ट्रात अशा करारांसाठी कमाल मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, परंतु राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. सर्व खर्चांसह भाड्यात आणखी एक बारीक मुद्दा असतो. तीन महिन्यांची अनामत मागितली, तर ती वीज-नेट धरून असलेल्या रकमेची की नुसत्या भाड्याची? २४,००० पैकी ४,००० सेवांचे असतील, तर फरक १२,००० रुपयांचा आहे. हे पैसे अकरा महिने बिनव्याजी पडून राहतात.

मुदत ठरवतानाही शैक्षणिक वर्षाचे भान हवे. १ जुलैला सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार ३१ मे रोजी संपतो. परीक्षा किंवा प्रबंधाचे काम जूनमध्ये गेले आणि घर रिकामे केले नाही, तर कलम २४ नुसार मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. बहुतेक घरमालक त्या थराला जात नाहीत. तरीही तोंडी ‘राहा की पंधरा दिवस’ यापेक्षा दोन ओळींचे पत्र बरे. बारा महिन्यांचा करार केला तर हा प्रश्नच येत नाही आणि नोंदणीचा खर्चही जवळपास तेवढाच राहतो.

अनामत परत न मिळाल्यास विद्यार्थी सहसा गप्प बसतो, कारण तोवर तो गावी किंवा दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेला असतो. दिवाणी दाव्याचा खर्च आणि वेळ त्याला परवडत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. विद्यापीठापासून ते लांब नाही.

अनामतीतून कापल्या जाणाऱ्या रकमांत ‘शेवटच्या महिन्याचे लाइट बिल’ हे ठरलेले कारण असते, कारण घर सोडताना ते बिल आलेलेच नसते. घरात पाऊल ठेवताना मीटरवरील आकड्याचे छायाचित्र तारखेसह काढून ते त्याच दिवशी घरमालकाला पाठवावे. सोडतानाही तसेच करावे. दोन आकड्यांतील फरक आणि मधल्या महिन्यांची बिले समोर असली, की ‘अंदाजे दोन हजार’ म्हणणाऱ्याला आकडा मांडून दाखवावा लागतो. किल्ली त्यानंतर द्यावी.